जनुकबदल आणि धर्माचे आक्षेप

(पौड येथे मुळशी तालुक्यातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



भातखाचरे, रस्ते, नळपाणी योजना यांविषयी बोलण्याची आपली सवय. त्यामुळे आजचा विषय या सभागृहात थोडा परका वाटेल. परंतु याच तालुक्यातील एका गावी आरोग्यविषयक सभा आटोपल्यावर एका वृद्ध गृहस्थांनी मला विचारले, "साहेब, माणसाचं बीजच बदलता येतं म्हणतात. मग देवानं करायचं काय उरलं?" भोवतालची तरुण मुले हसली. मला हसू आले नाही. मी कलाशाखेचा पदवीधर. तत्काळ देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नव्हते. नंतर जे वाचले व समजून घेतले, ते आपल्यापुढे ठेवतो.

असा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. आपल्या भाषेत एका रोगाचे नावच 'देवी' होते, आणि त्या रोगाची लस टोचणे म्हणजे 'देवी काढणे'. भारतातील पहिली अशी लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला टोचण्यात आली. रोग म्हणजे मातेचे येणे. तिला अडविणे म्हणजे कोप ओढवून घेणे, अशी अनेकांची श्रद्धा होती. टोचणारा गावात आला की मुले लपविली जात, हे जुन्या मंडळींनी ऐकले असेल. पुढे १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी आढळला नाही. श्रद्धाही राहिली, मुलेही वाचली.

मात्र एवढ्यावरून धर्माचा प्रत्येक आक्षेप खुळा ठरविणे ही आम्हा अधिकारीवर्गाची नेहमीची चूक होय. आक्षेप नेमका कशावर आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

जनुकांत बदल दोन प्रकारे करता येतो. पहिल्या प्रकारात बदल रोग्याच्या शरीरापुरता राहतो. पवईच्या आयआयटीत व टाटा स्मारक रुग्णालयात झालेल्या संशोधनातून रक्ताच्या काही कर्करोगांवर अशी उपचारपद्धती सिद्ध झाली. २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली व ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती श्रीमती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिचा प्रारंभ झाला. रोग्याच्याच रक्तातील पांढऱ्या पेशी बाहेर काढून त्यांत नवे जनुक घालतात, आणि त्या पेशी पुन्हा त्याच्याच शरीरात सोडतात. त्याच्या मुलाबाळांकडे हा बदल जात नाही. दुसऱ्या प्रकारात गर्भाच्या अगदी आरंभीच बदल केला जातो. तो त्या मुलात आणि पुढे त्याच्या वंशात उतरतो. २०१८ मध्ये चीनमधील एका शास्त्रज्ञाने अशा जुळ्या मुली जन्मास घातल्याचे जाहीर केले. जगभर निषेध झाला. पुढे त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली.

आता धर्म काय म्हणतात ते पाहू. व्हॅटिकनने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निवेदनात पहिल्या प्रकारचा उपचार तत्त्वतः मान्य केला, तर दुसरा, संततीला अपाय होण्याचा धोका असल्याने, आजच्या स्थितीत नाकारला. इस्लामी विद्वानांत ईश्वराच्या निर्मितीत फेरफार करू नये व वंशाची शुद्धता राखावी यांवर भर असला, तरी रोग बरा करण्यास सामान्यतः हरकत नाही. जैन विचाराला संशोधनात नष्ट होणाऱ्या गर्भांची चिंता वाटते. हिंदूंमध्ये एकच धर्मपीठ नाही. सामान्य माणूस 'कर्माचा भोग' एवढेच म्हणतो. पण आयुष्य सर्वस्वी ठरलेलेच असते तर औषधोपचारास अर्थच उरला नसता, असा युक्तिवाद चरकसंहितेतच आहे. बीजातील दोषामुळे अपत्याच्या अवयवात दोष येतो, हा विचारही तिथे आढळतो. (यावरून जनुकशास्त्र आमच्याकडे पूर्वीच होते, असे कृपया कोणी वर्गात शिकवू नये.)

म्हणजे रोग्याला बरे करण्याआड धर्म फारसा येत नाही. त्याची शंका आहे ती न जन्मलेल्यांच्या वतीने आपण निर्णय घ्यावा की नाही, याविषयी. ही शंका मला रास्त वाटते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनीही वंशात उतरणाऱ्या बदलास मनाई केली आहे. मुळशीकरांना तरी हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथील मावळे धरणाविरुद्ध उभे राहिले, तेव्हा प्रश्न चालू पिकाचा नव्हता. नातवंडांच्या वाट्याची जमीन पाण्याखाली जाणार होती आणि त्या नातवंडांना कोणी विचारणार नव्हते.

शिवाय, निवड हातात आली की आपण काय करतो, हेही आपण पाहिले आहे. गर्भजलपरीक्षा आली ती गर्भातील दोष शोधण्यासाठी; आपण तिच्यातून मुली शोधल्या. त्यामुळेच १९८८ मध्ये महाराष्ट्राला देशातील पहिला प्रतिबंधक कायदा करावा लागला. उद्या उंची, रंग, बुद्धी निवडता आली तर हुंड्याच्या बाजारात त्यांचेही भाव ठरतील, या भीतीला केवळ धर्मभोळेपणा म्हणता येणार नाही.

त्या वृद्ध गृहस्थांकडे मी पुन्हा गेलो, तेव्हा प्रश्नामागचे कारण कळले. त्यांच्या नातीला थॅलसेमिया आहे. तिला ठरावीक दिवसांनी रक्त द्यावे लागते. रक्तातील जनुक सुधारणाऱ्या उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटनने मान्यता दिल्याचे मुलाने कुठेतरी वाचले होते. अशा उपचाराची अमेरिकेतील किंमत वीस लाख डॉलरांहून अधिक आहे, हे मला त्यांना सांगावे लागले. ते काही वेळ गप्प राहिले.

सून पुन्हा गरोदर होती. आई-बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा रोग होण्याची शक्यता चारांत एक असते. पुढील तपासणी वेळेत व्हावी लागते, आणि म्हातारबाबांनीच ती 'देवाची परीक्षा घेणे' म्हणून अडविली होती. मी त्यांना धर्म शिकविला नाही. तपासणीत कोणाचेही बीज बदलत नाही, फक्त काय आहे ते कळते. पुढचा निर्णय त्या दोघांचाच राहतो, एवढेच सांगितले. देवी काढल्याची स्वतःच्या दंडावरची खूण त्यांनी मला दाखविली, आणि तपासणीसाठी पुण्याला एस.टी. किती वाजता आहे, ते मुलाला विचारले.