बंद पडलेला संगणक

मार्चअखेरची गोष्ट. आमच्या कचेरीतील एका दिवंगत शिपायाच्या पत्नीला कुटुंब-निवृत्तिवेतन मंजूर व्हावयाचे होते. तिचे सारे कागद तयार होऊन कारकुनांच्या टेबलावरील संगणकात पडून होते. त्या सकाळी बटण दाबले, तर ना दिवा लागला, ना पंख्याचा आवाज आला.

"साहेब, मशीन गेलं. बाईंचे कागद पहिल्यापासून करायला हवेत," कारकून म्हणाले.

श्रोतेहो, 'गेलं' हा शब्द आपण फार लवकर उच्चारतो. मजकूर साठतो तो डिस्कवर, आणि ती वेगळी वस्तू आहे. वीज आली नाही, एवढ्यानेच तिच्यावरील मजकूर पुसला जात नाही. माजघरातला दिवा विझला म्हणून कपाटातले दागिने नाहीसे होत नाहीत. तेव्हा वीज कोठवर येते आणि कोठे अडते, एवढेच प्रथम पाहावयाचे.

आम्ही भिंतीपासून निघालो. त्याच सॉकेटात टेबलाचा दिवा लावला, तो लागला. मधला यूपीएस वगळून पाहिला, कारण पुष्कळदा खोड त्याच्या जुन्या बॅटरीत असते. मौज अशी की, मॉनिटरची केबल आणि संगणकाची केबल बहुधा एकाच जातीच्या असतात. त्या अदलाबदल करून पाहता येतात. तेही झाले. संगणकाच्या पाठीमागे उभी रेघ आणि शून्य अशा खुणांचा एक खटका असतो, आणि झाडलोट करताना तो नकळत शून्याकडे कलतो. आमचा जागेवर होता.

त्या खटक्यामागे असते ती एसएमपीएसची पेटी. भिंतीतून येणारी २३० व्होल्टांची वीज ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टांवर उतरवून देते. ही पेटी मात्र घरी कोणी उघडू नये. तिच्यातील कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ ३०० व्होल्टांहून अधिक दाब धरून राहू शकतात. येथे धाडसाचे काही काम नाही.

आता राहिले पुढचे बटण. १९९५ साली एटीएक्स पद्धत निघाली. त्यापूर्वीच्या संगणकांत हे बटण मुख्य वीजच जोडीत-तोडीत असे. आजचे बटण केवळ निरोप्या आहे. मदरबोर्डावरील दोन पिना क्षणभर जोडून ते 'उठा' असे सांगते. तो निरोप ऐकण्यासाठी ५ व्होल्टांची थोडी वीज, प्लग जोडलेला असेतोवर, सदैव जागी असते. आम्ही प्लग काढून बाजूचे झाकण उघडले आणि प्लग पुन्हा लावला. मदरबोर्डावर एक हिरवा दिवा मिणमिणत होता. सर्वच मदरबोर्डांवर तो नसतो. आमच्यावर होता, हे भाग्य. म्हणजे वीज दारापर्यंत आली होती, आणि निरोप्याच आजारी असावा!

बटणाची तार उपसली आणि पेचकसाचे टोक त्या दोन पिनांना क्षणभर टेकविले. या पिनांवरचा दाब ५ व्होल्टांहून अधिक नसतो; पेचकस दुसरीकडे कोठे टेकू द्यावयाचा नाही, एवढी काळजी घ्यावयाची. पंखा घरघरला. पंखा फिरून पडदा काळाच राहता, तर रॅमची पट्टी काढून पुन्हा बसविण्यापासून निराळा शोध सुरू झाला असता; तशी वेळ आली नाही.

दुपारी बाईंचे कागद छापून सहीला आले. नवे बटण यावयास दोन महिने लागले. तोवर रिसेटच्या बटणाची तार त्या पिनांना जोडून ठेवली होती, आणि कारकून रोज सकाळी त्या इवल्याशा बटणाने संगणक सुरू करीत.