आजाऱ्याची सेवा : पाच गुण, पाच प्रश्न

(विहारातील वर्षावास प्रवचनमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय जड आहे. घरात कुणाचा कॅन्सर वाढत जातो आणि एक दिवस डॉक्टर सांगतात, "आता बरं करणारं औषध नाही. घरी न्या." तिथून पुढं काय करायचं, यावर आपल्या वस्तीत कुणी उघड बोलत नाही, नुसती कुजबुज होते. मी डॉक्टर नाही, साच्यावर काम केलेला माणूस आहे. पण परळच्या टाटा हॉस्पिटलच्या पायऱ्या वस्तीतल्या माणसांबरोबर पुष्कळ चढलो आहे. त्यातून जे समजलं ते सांगतो.

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. बाबासाहेबांनी तो 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही घेतला आहे. एक भिक्खू हगवणीनं आजारी, स्वतःच्या घाणीत पडलेला. जवळ कुणी नाही. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला पाठवलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं. मग भिक्खूंना बोलावून समज दिली, की इथं तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांचं केलं पाहिजे; आजाऱ्याची सेवा तीच माझी सेवा.

याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. औषध नीट देता येणं. पथ्य-अपथ्य कळणं. लोभानं नव्हे तर मैत्रीभावानं सेवा करणं. मलमूत्र, ओकारी काढताना किळस न वाटणं. आणि धम्माच्या बोलण्यानं मनाला धीर देणं. आपल्या माणसाला कुणाच्या हाती सोपवायचं हे ठरवताना हेच पाच गुण पाच प्रश्न करून विचारा.

पण आधी हॉस्पिस म्हणजे काय ते बघू. बरा न होणाऱ्या माणसाचं दुखणं, धाप, उलटी, जखम, भीती यांवर उपचार करणारी जागा. सिसिली सॉन्डर्स या बाईंनी १९६७ साली लंडनला आधुनिक पद्धतीचं हॉस्पिस सुरू केलं. आपल्या देशातलं पहिलं १९८६ साली इथंच, वांद्र्याला, 'शांती अवेदना सदन' नावानं निघालं. ते कॅन्सरच्या रुग्णांसाठी आहे. पैसे घेत नाहीत, जात-धर्म बघत नाहीत. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे, तेही विनामूल्य. टाटाचा वेदनाशमनाचा स्वतंत्र विभाग आहे, त्यांचं पथक घरीही येतं. म्हणजे दाखल करणं हा एकच मार्ग नाही. घरी सेवा आणि वर डॉक्टरांची देखरेख, हाही मार्ग आहे.

आता प्रश्न.

पहिला, दुखणं थांबवण्याचं औषध तुमच्याकडं आहे का? स्पष्ट विचारा, मॉर्फिन मिळतं का? १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानं ते मिळणं फार कठीण झालं होतं, २०१४ च्या दुरुस्तीनं वाट सोपी केली. तरी ते सगळीकडं नसतं. आपल्यातले काही म्हणतात, "नको, नशा आहे." अहो, डॉक्टरांच्या मापानं दिलेलं मॉर्फिन नशेसाठी नसतं, माणसाला रात्रीची झोप मिळावी म्हणून असतं. त्यानं पोट साफ होत नाही, म्हणून जोडीला जुलाबाचं औषध मागून घ्या. आणि मनानं एकदम बंद करू नका. रात्री दोन वाजता दुखणं वाढलं तर फोन कुणाला करायचा, हेही आधीच विचारून ठेवा.

दुसरा, काय करणार आणि काय करणार नाही? हॉस्पिसमध्ये केमो किंवा ऑपरेशन नसतं. पुष्कळ ठिकाणी फक्त कॅन्सरचेच रुग्ण घेतात. लकवा, किडनी, म्हातारपण असेल तर आधी चौकशी करा. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र आणि फाइल बरोबर न्या.

तिसरा, पैसे. खर्च किती, कशाकशाचा, लेखी द्या म्हणा. आणि "शंभर टक्के बरा करतो" म्हणणारा भेटला तर तिथून उठा. शेवटच्या महिन्यात बाईचं डोरलं मोडून घेणारे, गंडेदोरे बांधणारे, दोघंही एकाच माळेचे मणी. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात त्यांना थारा नको.

चौथा प्रश्न तोंडानं विचारायचा नाही, डोळ्यांनी बघायचा. दुपारच्या वेळी जा. चादर कोरडी आहे का? पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस बदलतात का? आजाऱ्याला नावानं हाक मारतात की खाटेच्या नंबरानं?

पाचवा, मनाचं काय? अनाथपिंडक मरणाच्या दारी होता तेव्हा सारिपुत्त आणि आनंद त्याच्या घरी जाऊन धम्म बोलले. तेव्हा विचारा, भन्तेजींना येऊ द्याल का? उशाशी बाबासाहेबांचा फोटो ठेवू द्याल का? घरच्यांना थांबता येईल का?

आणि सगळ्यांत आधी खुद्द आजाऱ्याला विचारा. त्याच्यापासून आजार लपवून सगळे निर्णय आपणच घेतो, हे बरं नाही. शेवटी मशीनवर ठेवावं की नाही, हे माणसाला आधीच लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली तो अधिकार मान्य केला आणि २०२३ साली पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढं पुरतं.

"लोक काय म्हणतील? आईला टाकलं म्हणतील." ही भीती मी घरोघरी ऐकतो. बंधूंनो, गिरणीत एकाच माणसाकडून तिन्ही पाळ्या करून घेतल्या असत्या तर आपण लाल बावटा घेऊन गेटवर उभे राहिलो असतो. मग दहा बाय बाराच्या खोलीत एकटी सून तिन्ही पाळ्या करते, तेव्हा आपण गप्प का? आईला वेदनेत तळमळत ठेवून चार लोकांत मान राखणं ही सेवा नव्हे. तिला आराम मिळेल तिथं नेणं आणि रोज जाऊन तिचा हात धरून बसणं, ही सेवा आहे. घरी ठेवणं जमत असेल तर उत्तमच, पण मग मुलगा, जावई, नातू यांनीही पाळी लावली पाहिजे.

म्हणून विहार समितीपुढं दोन सूचना ठेवतो. एक, विहारात एक वही ठेवावी. त्यात अशा संस्थांचे पत्ते, लागणारी कागदपत्रं, जाऊन आलेल्या कुटुंबांचा अनुभव लिहावा. दोन, तरुण मुला-मुलींनी नावं द्यावीत. ज्याच्या घरी असं दुखणं असेल तिथं आठवड्यातून एक रात्र एकानं बसावं, म्हणजे त्या घरच्या माउलीला झोप मिळेल. रविवारच्या वंदनेनंतर मी वही घेऊन बसणार आहे. पहिली रातपाळी माझी लिहून घ्या.

नमो बुद्धाय! जयभीम!