गाडीचे इंजिन तापते तेव्हा
(शेतकरी बंधू-भगिनींसाठीच्या कार्यक्रमातील भाषण)



तुम्ही म्हणाल, धानाचे आणि खताचे बोलायचे सोडून आज हा गाडीघोड्याचा विषय कशाला? पण मंडळी, आपल्या भागात आता गाडी ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. बांधीत चिखलणी ट्रॅक्टरने होते, धानाची पोती पिकअपने जातात आणि रात्री-बेरात्री घरात कोणी आजारी पडले, तर गावातली एकुलती एक जीपच उपयोगी पडते. १९७३ च्या डिसेंबरात बाबा आमटे यांनी हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहून दवाखाना चालवू लागले. तेव्हा रोगी यायचे ते पायी, नाहीतर खाटेवर घालून, माणसांच्या खांद्यावर. पावसाळ्यात नदी-नाले चढले की वाटच बंद. आज आलापल्लीपासून हेमलकशापर्यंतचे साठेक किलोमीटर गाडीने जाता येते. पण ती गाडी मधेच बंद पडली, तर तेच साठ किलोमीटर पुन्हा तेव्हाइतकेच लांब होतात.

मी पुष्कळ वर्षे या रस्त्यावर ड्रायव्हरी केली, पुढे मिस्त्रीकाम केले. आज मला सांगायचे आहे ते माझ्याच चुकीतून शिकलेले आहे.

साल १९८८, मे महिना, तेंदूपानांचा हंगाम. माझ्याकडे जुनी जीप होती. दोन दिवसांपासून सकाळी रेडिएटरमध्ये पाहिले की पाणी तांब्याभर कमी भरायचे. मी वरून पाणी टाकायचो आणि निघायचो. पाणी जाते कुठे, हे काही मी पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी आतल्या एका गावातून बाळंतपणासाठी अडलेली एक बाई घेऊन हेमलकशाकडे निघालो. सोबत तिची सासू, नवरा आणि माझा क्लीनर, सतरा-अठरा वर्षांचा पोरगा. रस्ता कच्चा, गाडी पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये रखडत चाललेली. तापमानाचा काटा वर चढताना मला दिसत होता. पण बाई कळा देत होती, म्हणून मी थांबलो नाही. पुढच्या चढावर बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी जागीच बसली.

मी खाली उतरेपर्यंत पोराने गमछा गुंडाळून रेडिएटरचे टोपण फिरवले होते. आतले उकळते पाणी कारंज्यासारखे उडाले आणि त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. ही एक चूक झाली. दुसरी चूक मी स्वतः केली. बाईच्या नवऱ्याने जवळच्या वस्तीवरून घागरभर थंड पाणी आणले, ते मी घाईघाईने तापलेल्या इंजिनात ओतले. आत टणकन आवाज झाला. इंजिनाचे हेड तडकले होते. बाईला शेवटी बंडीत घालून नेले. ती सुखरूप बाळंत झाली, पण त्याचे श्रेय बैलांना, मला नाही. जीप तीन आठवडे उभी राहिली आणि त्या हंगामाची माझी सगळी कमाई त्या हेडमध्ये गेली. आणि पाणी जात होते ते कुठून? एका रबरी नळीच्या तोंडाशी असलेली पट्टी सैल झाली होती. पान्ह्याचे दोन वेढे दिले असते तर काम झाले असते.

आता हे असे का होते, ते थोडे समजून घेऊ. डिझेल किंवा पेट्रोल जळते, त्यातली ढोबळमानाने तिसरा हिस्सा शक्तीच चाकांच्या कामी येते. बाकीची उष्णता असते. काही धुराड्यातून जाते, काही पाण्याला घेऊन जावी लागते. इंजिनाभोवती पाण्याच्या वाटा असतात. पंप ते पाणी फिरवतो, गरम पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाते, पंखा त्यावर वारा ओढतो आणि थंड झालेले पाणी पुन्हा इंजिनात येते. मधे थर्मोस्टॅट नावाची एक छोटी झडप असते. इंजिन थंड असताना ती बंद राहते आणि साधारण ऐंशी ते नव्वद अंशांच्या दरम्यान उघडते.

रेडिएटरचे टोपण नुसते झाकण नाही, हे मात्र पक्के ध्यानात धरा. ते आतला दाब धरून ठेवते. चुलीवर उघड्या भांड्यात पाणी शंभर अंशांला उकळते. टोपणाने साधारण एक किलोचा दाब धरला, तर तेच पाणी एकशेवीस अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. टोपण उघडले की दाब एकदम जातो, आतल्या पाण्याचा काही भाग त्याच क्षणी वाफ होतो आणि उकळते पाणी बाहेर झेपावते. आमच्या पोराच्या हातावर आले ते हेच.

मग काटा चढू लागला तर काय करायचे?

पहिले म्हणजे, काटा लाल खुणेला भिडायची वाट पाहू नका. नेहमीच्या जागेपेक्षा वर सरकला की लगेच गाडीवरचा भार कमी करा. थंड हवेचे यंत्र असेल तर ते बंद करा. गाडीत गरम हवेचा हीटर असेल, तर तो पूर्ण चालू करून खिडक्या उघडा. मे महिन्यात हे ऐकून हसू येईल, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो. तो इंजिनातली थोडी उष्णता आपल्या अंगावर घेतो. आपण घामाने भिजू, इंजिन वाचेल. तरीही काटा उतरला नाही, तर सावली पाहून गाडी बाजूला घ्या.

इंजिन लगेच बंद करावे की चालू ठेवावे, यावर ड्रायव्हर लोकांत नेहमी वाद होतो. माझे म्हणणे असे आहे. वाफ येत नसेल, खाली पाणी गळत नसेल, पंखा आणि पट्टा फिरत असेल, तर भार काढून इंजिन दोन-तीन मिनिटे धीम्या गतीवर चालू द्या. पाणी फिरत राहिल्याने उष्णता सगळीकडून सारखी निघते. ट्रॅक्टर असेल तर अवजार उचला, मळणीयंत्राचा जोड सोडा आणि तसेच करा. पण वाफ दिसली, पाणी सांडताना दिसले, पट्टा तुटला किंवा काटा उतरण्याऐवजी चढतच राहिला, तर एक क्षणही न थांबता चावी बंद करा. पाण्याविना चाललेले इंजिन थोड्याच वेळात पिस्टन धरून बसते. मग दुरुस्तीचा खर्च एका नळीचा राहत नाही.

इथे एक फसवी गोष्ट सांगतो. सगळे पाणी गळून गेले की कधीकधी काटा खाली येतो. ड्रायव्हरला वाटते, चला, इंजिन निवले. खरे म्हणजे काट्याला खबर देणारा भाग पाण्यात बुडलेला असायला हवा, तो कोरडा पडलेला असतो. इंजिन आतून लाल होत असते आणि काटा म्हणतो सर्व ठीक आहे. आवाज जड झाला, ओढ कमी झाली, जळका वास आला, तर काट्यावर विश्वास ठेवू नका.

गाडी बंद केल्यावर वाफ ओसरू द्या आणि मगच बॉनेट उघडा. विजेवर चालणारा पंखा असेल, तर इंजिन बंद असतानाही तो अचानक फिरू लागतो. गमछ्याचे टोक, साडीचा पदर किंवा बोटे त्याच्यापासून दूर ठेवा. आणि मग थांबा. निदान अर्धा तास, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. हा अर्धा तास माणसाला फार जड जातो, विशेषतः गाडीत रोगी असला तर. अशा वेळी कोणाला तरी दुसऱ्या वाहनासाठी पुढे धाडा, पण टोपणाला हात लावू नका. रेडिएटरची वरची रबरी नळी दाबून हाताला सोसवेल इतकी निवली आणि मऊ लागली, म्हणजे जाडजूड घडी केलेले कापड टोपणावर ठेवा, तोंड बाजूला वळवा आणि फक्त पहिल्या खाचेपर्यंत फिरवा. उरलीसुरली वाफ फुसफुसून जाऊ द्या. आवाज थांबल्यावरच टोपण काढा. आता इंजिन चालू करून धीम्या गतीवर थोडे थोडे पाणी घाला. एकदम घागर रिकामी करू नका.

पाणी गळाले कुठून ते लगेच शोधा. नळी फाटली असेल तर जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून ताणून गुंडाळा आणि तारेने आवळा. अशा वेळी टोपण पहिल्या खाचेवरच ठेवले, म्हणजे दाब कमी राहतो आणि पट्टी टिकते. हळू चालवा, वाटेत थांबत पाणी पाहा, जवळच्या मिस्त्रीपर्यंत पोहोचता येईल. हा फक्त घरी येण्यापुरता इलाज आहे. पट्टी बांधून अख्खा हंगाम काढणारे मी पाहिले आहेत, त्यांच्या गाड्याही मी उघडल्या आहेत.

पाणी भरल्यावर रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे येत असतील, धुराड्यातून पांढरा धूर येत असेल किंवा तेलाच्या पट्टीवर दुधाच्या चहासारखे तेल दिसत असेल, तर हेडचे गॅस्केट गेले असे समजा. त्या गाडीला ओढूनच न्यावे लागते.

काही मिस्त्री तापणाऱ्या गाडीचा थर्मोस्टॅट काढून फेकून देतात. मला हे पटत नाही. मग इंजिन नीट गरमच होत नाही, डिझेल जास्त जाते, तेलात मळी धरते आणि काही इंजिनांत पाणी उलट चुकीच्या वाटेने फिरून गाडी आणखी तापते. झडप अडकली असेल तर नवी घाला. तिची किंमत हेडच्या मानाने काहीच नाही.

आपल्या भागातली नेहमीची दुखणी वेगळी आहेत. धान चुरण्याच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या रेडिएटरच्या जाळीत भुसा आणि तणसाचे कण घट्ट बसतात. रोवण्याच्या वेळी चिखल उडून वाळतो. वारा जायला जागाच उरत नाही, मग पंखा कितीही फिरो. रोज संध्याकाळी इंजिन निवल्यावर ही जाळी साफ करा. पाणी मारायचे ते पंख्याच्या बाजूने बाहेरच्या बाजूला, हलक्या दाबाने. समोरून जोराचा फवारा मारला की कचरा आणखी आत जातो आणि पातळ पत्रे वाकतात.

पाण्याचेही पाहा. ज्या विहिरीच्या पाण्याने भांड्याला पांढरा थर धरतो, तेच पाणी रेडिएटरच्या नळ्यांतही थर धरते. डब्यावर लिहिल्याप्रमाणे कूलंट आणि शुद्ध केलेले पाणी मिसळून भरावे. अडचणीच्या वेळी साधे पाणी चालते, पण नंतर ते बदलून घ्या. दोन वेगळ्या रंगांचे कूलंट एकत्र करू नका. आणि भगिनींनो, हे तुमच्यासाठी: बहुतेक कूलंट चवीला गोडसर असते आणि विषारी असते. सांडलेले कूलंट कुत्रे-शेळ्या चाटतात, लहान मुले बोट घालतात. जुने कूलंट अंगणात किंवा बोडीत ओतू नका, डबा कुलपात ठेवा.

पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुरासारखे पाणी रस्त्यावर असेल, तर गाडी घालूच नका. पाण्यात गाडी बंद पडलीच, तर पुन्हा चावी मारू नका. इंजिनात पाणी शिरले असेल तर ते दाबले जात नाही, आतला दांडा वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढा आणि मिस्त्रीला बोलवा.

सकाळी निघण्याआधी, इंजिन थंड असताना, पाच मिनिटे द्या. टोपण उघडून पाणी पाहा, पट्टीने तेल पाहा, पंख्याचा पट्टा मधोमध अंगठ्याने दाबा. तो अर्ध्या इंचाच्या आसपास दबला पाहिजे, सैल असेल तर पंप आणि पंखा दोन्ही मंद फिरतात. मग वाकून गाडीखाली पाहा, जमिनीवर ओल आहे का. रोज पाणी टाकावे लागत असेल, तर ते कुठेतरी जात आहे. सोबत दहा लिटरचा पाण्याचा डबा, एक जादा पट्टा, ट्यूबचा तुकडा, तार, पान्हा आणि जाड कापड असू द्या.

तो पोरगा पुढे स्वतः ड्रायव्हर झाला. त्याच्या हातावर भाजल्याचा डाग अजून आहे. त्याच्या गाडीत टोपणाच्या शेजारी लाल रंगाने लिहिले आहे, ‘अर्धा तास’. नवीन क्लीनर आला की तो आधी आपली बाही वर करून हात दाखवतो, मगच त्याच्या हाती पान्हा देतो.