भिंग आणि नळाचे पाणी

१९६१ सालच्या नाताळात ओटो विख्तर्ले या चेक रसायनशास्त्रज्ञाने मुलांच्या खेळण्यातील सुटे भाग जोडून यंत्र उभारले व त्यावर मऊ नेत्रभिंगे (कॉन्टॅक्ट लेन्स) घडविली. या भिंगाचा मऊपणा त्याने शोषलेल्या पाण्यामुळे असतो. आणि जी वस्तू पाणी शोषते ती त्यातील जंतूंनाही आसरा देते, ही गोष्ट वापरणाऱ्यांच्या सहसा ध्यानी येत नाही. नळाचे पाणी पिण्यास निर्धोक असले, तरी त्यात अकँथअमीबा नामक एकपेशीय जीव असू शकतो, जो प्रतिकूल परिस्थितीत स्वतःभोवती असे चिवट कवच निर्माण करतो की क्लोरीनचीही त्यावर सहसा मात्रा चालत नाही. आणि भिंगाच्या आश्रयाने तो डोळ्यात शिरला, तर बुबुळावरील पारदर्शक पटलास तीव्र वेदनांचे व्रण होऊन उपचार कित्येक महिने चालतात.

म्हणून स्नानापूर्वी भिंग उतरवावे. तत्पूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, आणि भिंग तळहातावर भिंग धुण्याच्या ताज्या द्रावणाने हलकेच चोळावे. डबीतील कालच्या द्रावणात नव्याची भर घालण्याची काटकसर तर सपशेल गैरवाजवी होय. शिळ्या आमटीत पाणी वाढविणाऱ्या गृहिणीलाही ती रुचू नये! डबी दर तीन महिन्यांनी बदलावी. भिंग लावून झोपू नये.

डोळा लाल होऊन दुखू लागला किंवा उजेड सोसवेना, तर फडताळातील जुनी औषधाची बाटली हुडकीत न बसता भिंग काढून तत्काळ नेत्रवैद्यांकडे जावे, आणि जाताना भिंग व डबी बरोबर न्यावी, कारण जंतूचा तपास कित्येकदा तिच्यातूनच लागतो.