डोंगरउतारावरची फिरती शेती
(खराडी येथें केलेलें भाषण)



खराडीस डोंगर नाहीं, मग ही उठाठेव कशाला, असें कोणी म्हणेल. पण आपल्या शिवेवरून वाहणारी मुळा-मुठा सह्याद्रींतूनच येते. वर माती सुटली तर ती वाटेंतल्या धरणांत बसते, आणि पाणी सर्वांच्याच वाट्याचें घटतें.

कातकरी, ठाकर, महादेव कोळी हे आपले भाऊ पिढ्यान्‌पिढ्या उतारावर पिकवीत आले. फांद्या तोडून, वाळवून जाळावयाच्या. राखेंत आधीं नाचणी, मग वरी, शेवटीं खुरासणी. नंतर जागा कांहीं वर्षें पडीक टाकावयाची. झुडपें वाढून मातींत कस आला, कीं परत यावयाचें. कुलाब्याकडे हिला दळी म्हणत, सावंतवाडीकडे कुमरी. उभ्या उतारावर नांगर चालत नाहीं. लोहारानें घडविलेली कुदळ आणि कोयता एवढींच अवजारें.

मग इंग्रज सरकारनें 1865 सालीं जंगलचा कायदा केला, 1878 सालीं त्याहून कडक केला. जंगल राखीव झालें आणि कसणारा चोर ठरला. जोतीराव फुल्यांनीं 1883 सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून जंगलखात्याच्या जुलमावर कोरडे ओढले. कुलाब्यांत दळीचे तुकडे नेमून दिले, पण मालकी सरकारचीच! फिरण्यास जागा उरली नाहीं. त्याच तुकड्यांत पुन्हापुन्हा पेरावें लागलें. पडीक राहण्याचीं वर्षें घटलीं, कस गेला, माती वाहिली. आणि दोष कोणाच्या माथीं? कसणाऱ्याच्या! पुष्कळ कातकरी कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर मजुरीस गेले.

1997 सालीं खराडी पुणें महापालिकेंत गेली. ज्याच्याजवळ सातबारा होता त्यास जमिनीचें मोल मागतां आलें. डोंगरावरच्याजवळ कागदच नव्हता. म्हणून 2006 सालच्या वनहक्क कायद्याचें महत्त्व आम्ही मानतों. 13 डिसेंबर 2005 च्या आधींपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीस चार हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. दावा ग्रामसभेपुढें करावयाचा; गांवच्या वडीलधाऱ्यांची लेखी साक्षही पुराव्यांत चालते. पट्टा नवराबायको दोघांच्या नांवें होतो. ग्रामसभेचा ठराव मान्य नसेल, तर साठ दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागतां येते.

पट्टा मिळाला म्हणजे काम संपलें असें नाहीं. उताराला आडवे बांध घालावे, माथ्यावर झाडें राखावीं. जमीन आपली राहील अशी खात्री असल्यावांचून बांधाला दगड कोण वाहील?

बंधूंनो, तुमचे सोयरे, मजूर, शेजारी यांपैकीं कोणी डोंगरचा असेल, तर त्यास विचारा: दावा केलास काय? अर्ज लिहितां येत नसेल तर तुमच्या शिकलेल्या मुलामुलींनीं लिहून द्यावा. आपल्याजवळ सातबारा आहे. त्याच्या हातीं पट्टा पडेपर्यंत आपण स्वस्थ बसूं नये.