प्रकाशाने जलशुद्धी
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



पाणी गाळावे, तुरटी फिरवावी, उकळावे, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. परंतु प्लॅस्टिकमधून पाण्यात उतरणारी थॅलेट नावाची द्रव्ये या उपायांना दाद देत नाहीत. पीव्हीसी मुळात कडक; ते लवचिक व्हावे म्हणून ही द्रव्ये मिसळतात. ती त्याच्याशी रासायनिक बंधाने जोडलेली नसतात, म्हणून हळूहळू पाझरतात. त्यांतील तीन प्रजननशक्तीस अपायकारक ठरल्याने युरोपीय संघाने २००५ साली मुलांच्या खेळण्यांत त्यांस ०.१ टक्क्याची मर्यादा घातली.

यावरील एका उपायाचे मूळ जपानात आहे. टिटॅनियम डायऑक्साइडवर (भिंतीच्या पांढऱ्या रंगातलाच हा पदार्थ!) अतिनील किरण पाडून पाण्याचे विघटन करता येते, असे फुजिशिमा व होंडा यांनी १९७२ साली प्रसिद्ध केले. या किरणांनी त्यातील इलेक्ट्रॉन जागचे उठतात. रिकाम्या जागा पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक घडवितात. आणि हे मूलक थॅलेटचा रेणू कुरतडीत नेतात. क्रिया पूर्ण झाल्यास कार्बन डायऑक्साइड व पाणी एवढेच उरते. उत्प्रेरक मात्र खर्ची पडत नाही.

तथापि हुरळून जाऊ नये. सूर्यप्रकाशात अतिनील भाग शेकडा पाचाच्या आसपास. बारीक भुकटी पाण्यातून परत काढणे जिकिरीचे. क्रिया अर्धवट राहिल्यास मधली द्रव्ये पाण्यात राहतात, तीही तपासावी लागतात. म्हणून काचेवर लेप देण्याचे, नायट्रोजन मिसळून दृश्य प्रकाशही उपयोगी आणण्याचे प्रयत्न चालू आहेत. तूर्त, तेलकट लोणचे मऊ प्लॅस्टिकमध्ये भरू नये. थॅलेट पाण्यापेक्षा तेलात कितीतरी सहज विरघळते. ही विनंती केवळ भगिनींना नव्हे, बरणी आणून देणाऱ्या बंधूंनाही आहे.