म्हाताऱ्यांच्या तोंडचें दप्तर



आम्ही कुणब्यांचीं, सुतार-लोहारांचीं, कुंभार-चांभारांचीं लेंकरें. आमच्या आजा-पणजाच्या घरीं कागद कोठून असणार? गांवचें दप्तर कुळकर्ण्याच्या रुमालांत बांधलेलें. त्यांत आमचें नांव आलें तें सारा किती आणि बाकी किती, एवढ्यापुरतें. आजा बारा महिने कसा राबला, आजीनें टंचाईंत चूल कशाच्या बळावर पेटविली, हें त्यांत कोण लिहिणार? तें सारें म्हाताऱ्यांच्या तोंडीं राहिलें. तें कागदावर उतरवून घ्या, इतकेंच सांगावयास आज आम्ही उभे आहों.

१९७२ चा दुष्काळ घ्या. कामें किती निघालीं, मजूर किती लागले, याचे आंकडे सरकारी कागदांत मिळतील. पण परदेशांतून आलेल्या लाल मिलोची भाकरी घशाखालीं कशी उतरे, सुकडी कामावरच खाल्ली कीं पदराला बांधून पोरांसाठीं नेली, तान्हें मूल कोठें निजविलें, मस्टरावर अंगठा कोणी उठविला आणि पैसे कोणाच्या हातीं पडले, हें जिनें खडी फोडली तिलाच ठाऊक. तेव्हां पंचविशींत असलेली बाई आज पंचाहत्तरी ओलांडून गेली आहे. पुढें १९७७ सालीं विधिमंडळानें रोजगार हमीचा कायदा केला. ज्यांच्या हाताला घट्टे पडले त्यांची साक्ष मात्र बहुतेक घरांत अजून उंबऱ्याच्या आंतच पडून आहे.

"आमचा कसला आलाय इतिहास, बाबा?" असें म्हातारी म्हणेल. इतिहास म्हणजे राजेरजवाडे आणि लढाया, असेंच तिच्या कानीं पडलें आहे. सबब इतिहास विचारूंच नका, काम विचारा. मोट हांकलेल्या बाबाला नाडा कोणता, सोंदूर कोणता, थारोळें म्हणजे काय, धावेवर बैल मागें कसे सारीत, एवढें विचारा, कीं मग चहा निवला तरी तो थांबणार नाहीं. इंजिनें व विजेचे पंप आले, मोट गेली. तिच्या मागें हे शब्दहि चालले आहेत.

मोट कोणी शिवली, चाक कोणी केलें, बलुतें किती मिळालें आणि कमी घातलें तेव्हां काय झालें, हें चांभाराच्या व सुताराच्या घरीं जाऊन निराळें विचारा. कुणब्याच्या ओसरीवर एक ऐकाल, त्यांच्या दारीं दुसरें. दोन्ही लिहा. कुणबी बांधवांनो, रागावूं नका. पण बलुत्याची हकीकत देणाऱ्याच्याच तोंडून घेतली, तर आपणहि पुन्हा कुळकर्ण्याचेंच दप्तर भरलें म्हणावयाचें!

सालें म्हाताऱ्यांना आंकड्यांनीं येत नाहींत. म्हणून चिडूं नये. "कोयनेचा भूकंप झाला तवा थोरला रांगत व्हता" असें ती म्हणाली, कीं ११ डिसेंबर १९६७ ही तारीख आपल्या हातीं आली. आणि तिचें "व्हता" तसेंच लिहा. त्याला शुद्ध करूं गेलांत तर बोलणारी निघून जाते, मास्तर तेवढा उरतो.

हें होण्यासारखें आहे कीं नाहीं, अशी शंका कोणाला असेल, तर जात्यावरच्या ओव्यांकडे पाहा. पिठाची गिरणी आली आणि जातें थांबलें. तरी हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांनीं, गांवोगांवच्या कार्यकर्त्या बायांना सोबत घेऊन, एक लाखावर ओव्या गोळा केल्या. गाणारणीचें नांव व गांव ओवीशेजारीं ठेवलें, हें आम्हांस त्यांतलें सर्वांत मोठें काम वाटतें. एरवीं आमच्या बायांचें गाणें छापलें जातें तें बेवारशासारखें.

आतां मोबाइल घरोघर आहे. बोलणें भरतांना आरंभींच नांव, गांव व तारीख मोठ्यानें सांगा. बाई बोलत असतां मुलगा समोर बसला, तर ती त्याच्या तोंडाकडे पाहून बोलते. त्याला गोठ्यांत धाडा. लिहिलेलें तिला वाचून दाखवा. नको म्हणेल तें गाळा, मग तें कितीहि रसाळ असो. वहीच्या प्रती दोन करा, एक घरीं व एक शाळेंत किंवा वाचनालयांत. मोबाइल फुटतो, हरवतो, मोडींत जातो. आणि सुगीच्या आधींच सुरुवात करा. एकदां खळीं लागलीं, कीं सांगणाऱ्यालाहि सवड नसते आणि ऐकणाऱ्यालाहि.